पुडा डब्यात नाही, भांडारात शोधा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी. आठवीपर्यंत पोषण आहार, वरच्या वर्गांसाठी बचत गटाचं उपाहारगृह. पालकसभेत ठराव झाला की शाळेतून अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे ज्याला सगळे अल्ट्रा-प्रोसेस्ड म्हणतात ते खाणं बंद करायचं. आणि दुसऱ्याच दिवशी वाद सुरू झाला. बिस्किट बंद, तर पाव का नाही? सोयाबीन वडीही कारखान्यातच होते, तिचं काय? तयार मसाला चालेल का? शिक्षक म्हणतात, रोज डबे तपासू. तुम्ही समितीच्या अध्यक्ष म्हणून विचारता, नेमकं काय बंद करायचं आणि सुरुवात कुठून करायची.

मी २४ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून शाळा आणि वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांत काम करते आहे, बहुतेक नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत. उत्तर आधीच सांगून टाकते. डबे तपासू नका. शाळा स्वतः जे विकत घेते आणि शाळेच्या आवारात जे विकलं जातं, तेवढ्यालाच नियम लावा. तो नियम पदार्थाच्या नावावर नको, वेष्टनावर छापलेल्या घटकांच्या यादीवर लावा. आणि ज्या मावशी स्वयंपाक करतात त्यांना ठराव लिहिण्याआधी विचारा.

भांडारापासून सुरुवात का, ते एका प्रसंगाने सांगते. काही वर्षांपूर्वी एका शाळेत खिचडीची चव घ्यायला बसले होते. पहिल्याच घासाला ओळखीची चव लागली, झटपट नूडल्सच्या मसाल्याची. भांडारात गेले तर खिळ्याला त्या मसाल्याच्या छोट्या पुड्यांची माळ टांगलेली. मावशींना विचारलं. त्या घाबरल्या नाहीत, उलट मलाच समजावलं, "मॅडम, पोरं ताटं तशीच ठेवून उठायची. हे टाकायला लागल्यापासून पातेलं रिकामं होतंय." पुड्यांचे पैसे त्या स्वतःच्या मानधनातून देत होत्या. महिन्याला जेमतेम अडीच हजार रुपये मिळवणारी बाई, पोरांनी जेवावं म्हणून खिशातले पैसे घालत होती. शाळेच्या ताटात कारखान्याची चव शिरते ती पुष्कळदा अशी, मायेपोटी. तिथे आम्ही बंदीचा कागद चिकटवला असता तर पुड्या पदराआड गेल्या असत्या, एवढंच.

आता "अतिप्रक्रियायुक्त" म्हणजे काय. ही कल्पना ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मॉन्टेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या सुमारास मांडली. त्यांच्या नोव्हा वर्गवारीत अन्नाचे चार गट आहेत. पहिला, जसं निसर्गातून आलं तसं किंवा थोडंफार निवडलं-दळलं-वाळवलेलं : तांदूळ, डाळ, दूध, अंडी, भाजी, नाचणीचं पीठ. दुसरा, स्वयंपाकाला लागणारं : तेल, तूप, मीठ, साखर, गूळ. तिसरा, पहिल्या दोघांपासून केलेलं साधं प्रक्रियायुक्त अन्न : लोणचं, पनीर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, बेकरीतला साधा पाव. चौथा गट आपल्या वादाचा. त्यात अन्नाचे तुकडे करून, म्हणजे मक्यातून स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिन, सोयाबीनमधून प्रथिन, पामतेलातून घट्ट चरबी असं वेगळं काढून, ते पुन्हा जोडलेलं असतं, आणि वर रंग, वास, गोडी आणि चव वाढवणारे पदार्थ घातलेले असतात. घरच्या स्वयंपाकघरात हे घटक नसतातच, म्हणून वेष्टन वाचून ते ओळखता येतं.

प्रक्रिया म्हटलं की लोक बिचकतात. आपल्या आजीने उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया, पापड, सांडगे हीही प्रक्रियाच होती. वाळवणं, आंबवणं, भाजणं, दळणं यांच्याशी आपलं भांडण नाही. ठरावात हे एक वाक्य जरूर लिहा, म्हणजे निम्मे वाद तिथेच संपतील.

दुसरा घोळ कायद्याचा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय नियम नीट लिहिता येणार नाही. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, शाळकरी मुलांच्या आहाराविषयीचे विनियम सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायलाही बंदी आणि त्यांची जाहिरात करायलाही बंदी. त्याआधी मे २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, शीतपेयं काढायला सांगितलं होतं आणि त्याऐवजी पोळी, भात, डाळ, इडली, अंडी असे पदार्थ ठेवायला सांगितले होते. तेव्हा तुमच्या ठरावाला पाठबळ आहेच. पण हे दोन्ही नियम चरबी-मीठ-साखरेच्या भाषेत आहेत. "अतिप्रक्रियायुक्त" याची कायदेशीर व्याख्या या विनियमांत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत असे पदार्थ कमीत कमी खा म्हणून स्पष्ट सांगितलं, पण तो सल्ला आहे.

म्हणून मी शाळांना दोन चाळण्या वापरायला सांगते : पहिली कायद्याची, चरबी-मीठ-साखरेची, आणि दुसरी वेष्टनावरच्या घटकांची. बटाटेवडा घ्या. तो अतिप्रक्रियायुक्त नाही, बटाटा-बेसन-तेल एवढाच आहे, पण रोज विकला तर पहिल्या चाळणीत अडकतो. उलट साखरेऐवजी कृत्रिम गोडी घातलेलं पेय साखरेच्या चाळणीतून अलगद निसटतं आणि दुसऱ्या चाळणीत अडकतं. एकच चाळणी ठेवली की कंपन्या आणि दुकानदार तिला बरोबर वळसा घालतात. "साखर नाही", "मैदा नाही", "भरडधान्ययुक्त" असे ठळक शब्द पुढच्या बाजूला येतात. मागे वळवून बघा. नाचणीचं म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांत यादीत पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी कुठेतरी चौथी-पाचवी, असं मी कितीदा पाहिलं आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, त्यामुळे पहिली तीन नावं म्हणजेच तो पदार्थ, असं समजायला हरकत नाही.

आता दुसरी चाळणी, घटकांची. ही मी जशीच्या तशी खरेदीच्या अटीत लिहून घेते, म्हणजे पुरवठादाराशी हुज्जत उरत नाही. वेष्टनावर घटकांच्या यादीत बाहेरून घातलेल्या पदार्थांचे आकडे छापलेले असतात. त्यातले १०२, ११०, १२२, १२४, १३३ हे कृत्रिम रंग असलेलं काही घ्यायचं नाही. ६२१, ६२७, ६३१, ६३५ हे चव वाढवणारे नकोत. नूडल्सच्या मसाल्यात आणि बहुतेक कुरकुरीत पाकिटांत यातले एक-दोन हमखास सापडतात. ९५०, ९५१, ९५५ या कृत्रिम गोड्या नकोत. वनस्पती तूप, शॉर्टनिंग, हायड्रोजनीकृत तेल नको. माल्टोडेक्स्ट्रिन, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप नको. "कृत्रिम वास" किंवा "निसर्गासारखा वास" असं लिहिलेलं नको. एवढी यादी पुरते. ती मोठी करायच्या मोहात पडू नका, चार पानांची यादी भांडारात कोणी वाचत नाही.

मात्र सगळे आकडे विष असं मुलांना किंवा पालकांना सांगू नका. १०० हा आकडा हळदीतल्या रंगाचा आहे. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ३३० म्हणजे लिंबातलं आम्ल. ५०० म्हणजे खायचा सोडा. मिठातलं आयोडीन आणि तेलातलं अ व ड जीवनसत्त्व मुद्दाम घातलेलं आहे आणि ते हवंच आहे. आकडे बघून घाबरवलं की लोक महिनाभर घाबरतात आणि मग सगळंच सोडून देतात. रंगांचा मात्र मी आग्रह धरते, कारण २००७ साली ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टनच्या अभ्यासात सहा कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण पोटात गेलेल्या मुलांत चंचलपणा वाढलेला दिसला, आणि त्यानंतर युरोपात २०१० पासून त्या सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्यातले चार आपल्या वरच्या यादीत आहेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानेही २०२४ मध्ये सहा कृत्रिम रंग शाळांच्या जेवणातून काढायचा कायदा केला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शाळेतल्या घातक अतिप्रक्रियायुक्त पदार्थांची व्याख्या करून ते टप्प्याटप्प्याने २०३५ पर्यंत हटवायचा दुसरा. तिथे दहा वर्षं लागणार, कारण तिथल्या शाळांत पुष्कळसं जेवण तयार पाकिटांतूनच येतं. आपल्याकडे अजून चूल पेटते. म्हणून आपलं काम सोपं आहे, आणि ही चूल विझू देता कामा नये.

ती विझवायचा प्रयत्न झालेला आहे, हे तुमच्या समितीला माहीत असावं. २००७-०८ च्या सुमारास बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रं पाठवली होती की शाळेत शिजवलेल्या जेवणाऐवजी बिस्किटांचे पुडे द्या. काही खासदारांनी ती मागणी पुढेही पाठवली. पोषणाच्या अभ्यासकांनी विरोध केला आणि शिजवलेलं गरम अन्नच कायम राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला, तोपर्यंत आपल्या राज्यातली मुलं महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत घेऊन घरी जायची. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना खिचडीच्या पातेल्याची किंमत कळते. तरी बिस्किट मागच्या दाराने आलंच. आठवड्यातून एकदा जो पूरक आहार द्यायचा असतो, त्याच्या यादीत फळं, दूध, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे, बेदाणे, चुरमुरे यांच्या शेजारी सोया बिस्किटही आहे. वाटायला सोपं, मोजायला सोपं, बिल एका दुकानाचं. मग पुष्कळ शाळा बिस्किटच निवडतात. तुमच्या शाळेत पूरक आहाराच्या दिवशी काय वाटलं, त्याच्या सहा महिन्यांच्या नोंदी काढा. पहिला बदल तिथेच करा, त्याला परवानगीही लागत नाही, यादीत केळं आहे, गूळ-शेंगदाणे आहेत.

आता तुमचे तीन वादाचे पदार्थ. पाव : गावातल्या बेकरीवाल्याला विचारा काय घालतो. पीठ, यीस्ट, मीठ, साखर, तेल एवढंच असेल तर तो तिसऱ्या गटातला, कधीमधी उसळीबरोबर चालेल. पाकिटातला ब्रेड, ज्यावर इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) आणि २८२ हा परिरक्षक (टिकवणारा पदार्थ) लिहिलेला असतो, तो नको. सोयाबीन वडी : नोव्हाच्या काटेकोर मापाने ती चौथ्या गटात जाऊ शकते, कारण तेल काढलेल्या सोयाच्या पिठाला यंत्रात दाब देऊन ती फुगवतात. पण तिच्यात ना रंग, ना वास, ना साखर, आणि निम्मं वजन प्रथिनांचं. जिथे अंड्याला विरोध आहे आणि डाळ मोजून मिळते तिथे मी तिला काढणार नाही. आठवड्यातून एकदा, मटकी-हरभऱ्याची जागा न घेता, वापरा. तांदळात मिसळून येणारे पोषणयुक्त दाणे, ज्यांना पालक प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणतात, ते तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून शंभरास एक या प्रमाणात घातलेले असतात. त्यांच्याशी भांडू नका, आणि निवडून फेकू तर अजिबात नका. तयार मसाल्याचं म्हणाल तर शासनाकडून येणारा कांदा-लसूण मसाला साधा असतो, वेष्टन वाचा आणि वापरा. पुलाव मसाला, सूप पावडर, नूडल्सचा मसाला असं वेगळं विकत आणलेलं काही असेल तर ते बंद.

बंदीची भाषा सोडून पैशाची भाषा वापरली की काय होतं, ते ब्राझीलकडून शिकण्यासारखं आहे. तिथली शालेय आहार योजना १९५५ पासूनची, सुमारे चार कोटी मुलांची. २००९ च्या कायद्याने त्यांनी ठरवलं की केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून थेट खरेदीवर खर्च करायचे. २०२० मध्ये दुसरी अट आली : प्रक्रियायुक्त आणि अतिप्रक्रियायुक्त मालावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको. २०२५ मध्ये ती मर्यादा १५ टक्के केली आणि २०२६ साठी १० टक्के. शेतकऱ्यांचा वाटाही २०२६ पासून ४५ टक्के. एका बाजूने पाकिटाचा हिस्सा आवळत जायचा आणि दुसऱ्या बाजूने शेताचा वाढवत जायचा. शिवाय प्रत्येक ठिकाणी जबाबदार आहारतज्ज्ञ नेमलेली असते. नुसती बंदी असती तर रिकामी जागा कशाने भरायची हा प्रश्न शाळेच्या गळ्यात पडला असता.

आपल्याकडे ती रिकामी जागा किती अरुंद आहे ते आकड्यांत बघा, कारण समितीतले लोक पुष्कळदा हे न बघता ठराव करतात. १ मे २०२५ पासून सहावी ते आठवीच्या मुलामागे रोजचा साहित्य खर्च १० रुपये १७ पैसे आहे, पाचवीपर्यंत ६ रुपये ७८ पैसे. तांदूळ वेगळा येतो, पण डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन याच पैशात. सहावी ते आठवीची १०० मुलं धरा. प्रमाणानुसार १५ किलो तांदूळ, ३ किलो डाळ किंवा कडधान्य, साडेसात किलो भाजी, ७५० ग्रॅम तेल. त्यातून मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. आणि हे सगळं १,०१७ रुपयांत, गॅससकट. बाजारात टोमॅटो चढले की साडेसात किलो भाजीचे चार किलो होतात, खिचडी पिवळी आणि बेचव होते, आणि मग कोणीतरी मावशी मसाल्याची पुडी आणते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, द्यायचा निर्णय केला होता. मुलं त्या दिवसाची वाट बघायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबला आणि शाळांना लोकवर्गणीचा रस्ता दाखवला गेला. मला हे अजून पटलेलं नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिन असतं, आणि पाकिटाला टक्कर देणारा त्याच्याइतका चवदार, मऊ, मुलांना आवडणारा दुसरा पदार्थ पोषण आहारात नाही. तुमची समिती कुठे वर्गणी काढणार असेल तर फलक रंगवण्याआधी अंड्यांसाठी काढा.

त्या नूडल्स-मसाल्याच्या शाळेत आम्ही काय केलं ते सांगते. दोन दिवस मी आणि त्या तिघी मावशी पातेल्यापाशी बसलो. मुलांना खिचडीत नेमकं काय आवडतं? आंबटपणा, खमंगपणा आणि थोडा गोडसर झणका. मग धने, जिरे, सुकं खोबरं, थोडे तीळ, लवंग-दालचिनी असं भाजून पंधरा दिवसांचा मसाला एकदम कुटून ठेवायचं ठरलं. दळायचा खर्च शाळेने उचलला. फोडणीत लसूण ठेचून, सोलत बसायचं नाही. वाढताना लिंबू किंवा चिंच-गुळाचं पाणी. लिंबाने चव तर येतेच, डाळीतलं लोहही अंगी लागतं. गुरुवारी मटकीची उसळ, बुधवारीच भिजत घातलेली आणि रात्री फडक्यात बांधलेली. भाज्या अशा निवडल्या की सोलण्यात वेळ जाणार नाही : कोबी, टोमॅटो, लाल भोपळा सालासकट, शेवग्याचा पाला परसबागेतला. पहिला आठवडा वाईट गेला, ताटं परत आली. मावशी रडकुंडीला आल्या आणि मुख्याध्यापक म्हणाले की पुन्हा पुडी टाका. नवीन चव मुलांच्या जिभेवर बसायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते, हे माहीत होतं म्हणून मी हट्ट धरला. तिसऱ्या आठवड्यात पातेलं रिकामं व्हायला लागलं. तेव्हा तुमच्या ठरावात "एक महिना ताटं परत आली तरी मावशींना कोणी बोलणार नाही" असं लिहून घ्या. मी हे अगदी मनापासून सांगते आहे, कारण बहुतेक ठिकाणी बदल याच महिन्यात मरतो.

उपाहारगृहाची गोष्ट वेगळी, तिथे अडचण चवीची नसून भाड्याची असते. एका वसतिगृहाच्या शाळेत पाकिटं बंद केली आणि महिन्याभरात ती गल्ल्याखालून परत विकली जाऊ लागली. चालवणाऱ्या बाईंना मी रागाने जाब विचारला, तेव्हा त्यांनी वही पुढे केली. संस्था दरमहा भाडं घेत होती, आणि पोहे-उपमा विकून सुटणाऱ्या पैशात ते निघत नव्हतं. पाकिटाला ना गॅस लागतो ना हात, उरलं तर उद्या विकता येतं. माझा राग चुकीच्या माणसावर निघाला होता. संस्थेने भाडं माफ केलं, त्या बदल्यात पाकिटं आणि बाटल्या ठेवायच्या नाहीत असं करारात लिहिलं, आणि ते टिकलं. तुमच्या बचत गटाशी बोलताना आधी त्यांची वही बघा. पोहे, उपमा, थालीपीठ, उकडलेली अंडी, भिजवलेले हरभरे, ताक, केळी, ऋतूप्रमाणे पेरू. तळलेलं आठवड्यातून एक दिवस. बाटलीबंद पेयं कुठल्याच नावाची नकोत. आंब्याच्या चित्राचं छोटं पेयही नको, १०० मिलीला १० ते १४ ग्रॅम साखर असते त्यात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने दिवसाची साखर २५-३० ग्रॅमच्या आत राहायला हवी, आणि हे एक पेय त्यातला मोठा वाटा खाऊन बसतं.

फाटकाबाहेरच्या गाडीवाल्यावर लगेच तक्रार करू नका. त्याच्या गाडीवर चिंचा, बोरं, पेरू, उकडलेल्या शेंगा, कणीस असेल तर तो तुमचा सोबती आहे. पाकिटांची माळ उतरवायला सांगा, बाकीचं विकू द्या, झाकून ठेवायला आणि हात धुवायला पाणी द्या. ऐकलंच नाही तर ५० मीटरचा नियम आहे आणि अन्न व औषध प्रशासन आहे.

आणि डबे का तपासायचे नाहीत ते. आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात आई सकाळी सहा-सातला टेम्पोत बसून मळ्यावर जाते. मुलाच्या हातात पाच रुपये ठेवून जाते, कारण त्या वेळी तिच्याजवळ देण्यासारखं तेवढंच असतं. ते मूल पुडा खाऊन येतं, भूक मोडते, आणि दुपारी खिचडी टाकतं. त्याच्या डब्यातलं किंवा दप्तरातलं पाकीट वर्गात सगळ्यांसमोर काढलं, तर लाज त्या आईच्या पदरी पडते. तपासायचंच असेल तर हे तपासा : किती मुलं सकाळी उपाशी येतात. परिपाठानंतर दहा मिनिटं भाजलेले चणे आणि गूळ मूठभर दिले तरी पाच रुपयांच्या पुड्याची गरज पुष्कळ कमी होते. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला, उपमा, खिचडी, पोंगल असा गरम. आपल्याकडे अजून ते नाही, पण मूठभर चण्यांसाठी शासन निर्णयाची वाट बघायला नको.

तुमच्या सभेतल्या एका पालकांनी विचारलं होतं की हे सगळं सिद्ध झालं आहे का. प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेक पुरावा निरीक्षणाचा आहे : जे जास्त खातात त्यांच्यात लठ्ठपणा, मधुमेह, हृदयरोग जास्त दिसतो. नियंत्रित प्रयोगांत सगळ्यात बोलका २०१९ चा, अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केलेला. २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, दोन्ही ताटांत साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच ठेवले आणि हवं तेवढं खा म्हटलं. पाकिटाच्या जेवणात लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढलं. हा प्रयोग मोठ्यांवरचा आणि छोटा आहे. पण आपल्या मुलांच्या बाबतीत मला त्याहून जास्त काळजी वेगळीच वाटते. २०१६-१८ च्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वयाची जवळपास पाचातली एक मुलं वयाच्या मानाने खुजी होती, आणि त्याच सर्वेक्षणात शाळकरी वयातल्या दहातल्या एका मुलाची रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. म्हणजे खुजेपण आणि मधुमेहाची सावली एकाच वर्गात, कधी एकाच बाकावर बसलेली. अशा मुलाला पोट भरवणारं पण अंगी न लागणारं खाणं शाळेने आपल्या हाताने देऊ नये, यासाठी मला आणखी पुराव्याची वाट बघावीशी वाटत नाही.

एक अपवाद लिहून ठेवा. डॉक्टरांनी एखाद्या मुलाला औषधासारखा काही खास आहार दिला असेल, जलसंजीवनी असेल, मधुमेही मुलाजवळ साखर कमी झाल्यावर खायची गोळी असेल, तर त्याला हा नियम लागू नाही. वर्गशिक्षकांना हे माहीत हवं.

शेवटचा तुमचा प्रश्न वाढदिवसाच्या चॉकलेटांचा. तिथे बंदीपेक्षा तिथी भोजनाची, म्हणजे खास दिवशी लोकांनी शाळेच्या जेवणात भर घालायची, सोय वापरा, ती पोषण आहार योजनेतच आहे. ज्या घरचा वाढदिवस त्यांनी वर्गाला गोळ्या वाटण्याऐवजी त्या दिवशीच्या जेवणात काहीतरी घालायचं : कोणी दोन डझन केळी, कोणी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, कोणी पाच किलो गाजरं, ज्याला जमेल त्याने सगळ्यांना अंडी. ज्यांना काहीच जमत नाही त्यांच्या मुलाला त्या दिवशी पहिलं ताट वाढायचा मान. फळ्यावर नाव लिहायचं ते मुलाचं, काय आणलं ते नाही. आणि यादी मावशींच्या हातात द्या, म्हणजे कोणत्या दिवशी काय येणार हे त्यांना आदल्या दिवशी कळेल आणि त्याप्रमाणे त्या भाजी कमी-जास्त करतील.